पोस्टाच्या पाठीशी म्हणजे नेमकं कुठे?

आमच्या भागातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेल्या प्रतिनिधींनी मध्यंतरी गावच्या वाचनालयात सभा घेतली. (काँग्रेस म्हणजे इथली संसद, आपला पक्ष नव्हे.) आयोवातलं छोटं गाव, चाळीसेक डोकी, निम्मी निवृत्त. एका आजींनी विचारलं, पोस्टाचं खासगीकरण करणार का? साहेब म्हणाले, "मी पोस्टाच्या पाठीशी ठाम उभा आहे. तसा ठराव आहे, त्यावर माझी सही आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण "शेतकऱ्यांच्या पाठीशी" ऐकत लहानाचा मोठा झालोय. गाडीत बसेपर्यंत शंका आलीच.

ठरावावर सही करणं म्हणजे अक्षता टाकणं. संसार दुसऱ्यालाच करायचा असतो. 2006 साली याच काँग्रेसने पोस्टाला निवृत्तांच्या आरोग्यखर्चासाठी वर्षाला सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला काढायला लावले. पोस्टाचा रोजचा कारभार तिकिटांवर चालतो, करांवर नाही. पत्रं घटत होती, त्यात हे जू मानेवर, आणि वर "पोस्ट तोट्यात" म्हणून ओरडा. ते ओझं उतरायला 2022 उजाडलं. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने आठवड्यातून सहा दिवस टपालवाटपही पक्कं केलं. खालच्या सभागृहात 342 विरुद्ध 92. पाठीशी उभं राहणं म्हणतात ते हे. 2006 च्याही आधीच्या कायद्यातलं एक वाक्य मला फार आवडतं: निव्वळ तोटा होतो म्हणून लहान पोस्ट ऑफिस बंद करायचं नाही.

त्या वाक्याचा अर्थ मला आमच्या रस्त्यावर रोज दिसतो. पोस्टवाल्या बाई स्वतःच्याच गाडीतून येतात. स्टिअरिंग डावीकडे, पत्रपेट्या उजवीकडे. म्हणून त्या उजव्या सीटवर सरकून बसतात, डावा पाय लांब करून पेडलवर, डावा हात चाकावर, उजवा खिडकीबाहेर. पेटीची लाल झेंडी वर दिसली की आतलं पत्र उचलतात. शेवटच्या शेतघरापर्यंत हे चालतं. तिथे जाणं कुठल्याच कुरियरला परवडणार नाही.

तिकडे भारतात भावाशी बोलताना पोस्टाचा विषय निघाला की सूर वेगळा लागतो. 2025 साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर हुंदके होते. ते हुंदके देणाऱ्यांपैकी शेवटचं रजिस्टर कोणी कधी केलं होतं, देव जाणे. 1898 चा कायदा जाऊन 2023 चा आला तेव्हा वाद रंगला तो टपाल उघडून पाहण्याच्या सरकारी अधिकारावर. वाद रास्तच होता. पण पत्रं वाहण्याचा सरकारचा एकाधिकारही त्याच वेळी गेला, त्याची फारशी वाच्यता नाही. आता तोट्यातली शाखा कुठल्या आधारावर टिकणार, हे विचारायला हवं होतं.

आणि टिकवणार कोण? भारतात सुमारे 1 लाख 65 हजार पोस्ट ऑफिसं, त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास खेड्यापाड्यांत. बहुतेक ठिकाणी सगळा भार ग्रामीण डाक सेवकावर. कागदोपत्री चार-पाच तासांचं काम, वेतन आयोगाच्या कक्षेबाहेर. इथेही नव्याने लागलेल्यांना कायम व्हायला वर्षं लागतात, अमेरिकेची आरती मला ओवाळायची नाही. फरक एवढाच, की इथल्या आजी प्रतिनिधीला तोंडावर विचारतात. आपल्याकडे आमदार-खासदारांच्या सभेत शाखा डाकघराचा प्रश्न मी तरी ऐकलेला नाही.

मी साहेबांना पत्र टाकलं: लहान पोस्ट ऑफिसं वाचवणारं ते वाक्य काढायचं ठरलं तर विरोधात मत द्याल का? हो की नाही, एवढंच कळवा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "आपल्या भावनांबद्दल आभार." लिफाफ्यावर तिकिटाच्या जागी त्यांची छापील सही. काँग्रेसच्या सदस्यांना टपालावर तिकीट लावावं लागत नाही.