पदकतक्ता नीट बघा राव

बीजिंग २०२२ च्या हिवाळी पॅरालिम्पिकवरच्या (दिव्यांग खेळाडूंची स्पर्धा) लेखात पदकतक्त्यात फ्रान्स चौथा आणि अमेरिका पाचवी एवढंच लिहून सोडून दिलंय, पण त्यात फ्रान्सची एकूण पदकं १२ आणि अमेरिकेची २० होती हो! फक्त फ्रान्सची सुवर्ण ७ नि अमेरिकेची ६, म्हणून फ्रान्स वर. एकूण मोजलं तर जर्मनीसुद्धा १९ घेऊन फ्रान्सच्या पुढे जाते, मग कुठला क्रम खरा म्हणायचा?

आणि चीनचं काय सांगू, तोपर्यंतच्या सगळ्या हिवाळी पॅरालिम्पिक मिळून त्यांचं एकच पदक, २०१८ चं व्हीलचेअर कर्लिंगचं (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) सुवर्ण, आणि घरच्या मैदानावर डायरेक्ट ६१, त्यात १८ सुवर्ण. अर्थात रशियाला उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाहेर काढलं होतं हेही लक्षात घ्या, ते असते तर वरचा तक्ता वेगळाच दिसला असता.

मला विचाराल तर खरी कमाल युक्रेनची, तेव्हा घरी रशियाच्या हल्ल्यात बॉम्ब पडत होते आणि ही मंडळी बायथलॉन (स्कीइंग नि नेमबाजी एकत्र), क्रॉस कंट्री स्कीइंग करून २९ पदकं घेऊन दुसरी. दोनच खेळ, बाकी कशात पदक नाही तरी!