“केईएम? मग आता देवाच्या हातात!”

आज सकाळी लिफ्टमध्ये एका सुशिक्षित शेजाऱ्यांनी विचारले, की आपल्या वॉचमनला कुठे दाखल केले आहे. ‘केईएमला’, म्हणजे मुंबईतल्या परळच्या महापालिका रुग्णालयात, असे मी सांगताच ते म्हणाले, “अरेरे, मग आता देवाच्या हातात.” मी तेव्हा गप्प राहिलो आणि त्याचीच दिवसभर चीड येत आहे.

सहा वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका रात्री आईला श्वास पुरेना. घराजवळच्या एका चकचकीत खासगी रुग्णालयात, तिला आत घेण्याआधी मला अनामत रक्कम भरायला सांगण्यात आले. माझे कार्ड मशीनवर चालेना आणि आई शेजारच्या खुर्चीत तोंडाने श्वास ओढत होती. शेवटी तिला टॅक्सीत घालून परळ गाठले. केईएमच्या कॅज्युअल्टीत आधी ऑक्सिजन लागला आणि मग केसपेपर निघाला. पंचविशीतली एक निवासी डॉक्टर एकाच वेळी सात-आठ रुग्णांकडे पाहत होती आणि कोणाला कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, ते बॉलपेनने स्वतःच्या पंजावर टिपून घेत होती. माझी आई त्या रात्री त्या मुलीच्या हातात होती.

ज्या काळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मोठ्या जागा गोऱ्या साहेबांसाठी राखलेल्या असत, त्या काळात शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी, शिकवणारे सर्व जण भारतीयच असतील, या अटीवर देणगी दिली आणि 1926 मध्ये महापालिकेचे हे रुग्णालय व महाविद्यालय उभे राहिले. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी इथेच जन्मली. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या इथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांना तर त्यांच्या सहकारी परिचारिकांनी 1973 पासून 2015 पर्यंत, म्हणजे जवळपास 42 वर्षे, घरच्या माणसासारखे सांभाळले. नोकरीला लागलेल्या नव्या मुलींनी निवृत्त होणाऱ्या सिस्टरांकडून ती सेवा आपल्याकडे घेतली. हे सगळे ज्या शहरात घडले, त्याच शहरातल्या माणसाने ‘अरेरे’ म्हणावे?

आणि ज्या नामांकित सर्जनकडे आपण हजारो रुपये मोजून जातो, त्यांच्यापैकी कितीतरी जणांचा हात अशाच पालिकेच्या वॉर्डांमध्ये, वॉचमनसारख्याच रुग्णांवर बसलेला असतो. त्या रुग्णांचे हे ऋण आपल्यापैकी कोणाच्या बिलात कधी दिसत नाही.

गर्दी असते, रांगा असतात, नातेवाईक बाहेर चटया टाकून झोपतात, हे मान्य. पण ती गर्दी कोकणातून, मराठवाड्यातून, थेट बिहारमधून येते, कारण तिला दुसरीकडे दारातच अडवलेले असते. मलाही अडवलेच होते, आणि माझ्या खिशात तर कार्ड होते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. त्या पहाटे डॉक्टरीणबाईंच्या हातावरचे आकडे मनगटाच्याही वर गेले होते. आईचा श्वास सुरळीत झाल्यावर त्यांनी तिला “आजी, आता झोपा” असे म्हटले आणि स्पिरिटच्या बोळ्याने त्यातली एकच ओळ पुसली. बाकीच्या ओळी तशाच ठेवून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

संध्याकाळी आईला वॉचमनचे सांगितले. तिने फक्त वॉर्ड नंबर विचारला आणि तांदूळ भिजत घातले. उद्या पेजेचा डबा घेऊन जायचे आहे. शेजाऱ्यांनाही बरोबर येता का, असे मी विचारणार आहे.