आधी कापते, मग शिवते

मला शिवणकाम अजिबात येत नव्हते, असे नाही. उशांना खोळी शिवणे, कोणाची पँट आखूड करणे, फाटलेल्या चादरीला टीप घालणे एवढी विद्या मी आईच्या जुन्या मशीनवर संपादन केली होती आणि त्या विद्येचा मुख्य आधार उसवणे हा होता. टीप वाकडी गेली की उसवावी, बाही उलटी लागली की उसवावी, आणि उसवताना कापडाला भोक पडलेच तर त्यावर खिसा लावावा. त्या मशीनने माझे सगळे अपराध वर्षानुवर्षे निमूटपणे पोटात घातले. खटकत होत्या त्या फक्त आतल्या कडा. मी शिवलेला कपडा उलटा केला की त्यातून इतके धागे लोंबत, की तो वाळत घालतानादेखील सुलट घालावा लागे. त्यावर उपाय म्हणून मी ओव्हरलॉक मशीन, म्हणजे कापडाच्या कडा दोऱ्यांनी बांधून टाकणारे मशीन, घरी आणले.

खोके उघडताच पहिला धक्का बसला, तो म्हणजे या मशीनला बॉबिनच नाही. खालचा दोरा बॉबिनवर भरत बसण्याचा मला अनेक वर्षांचा कंटाळा असल्यामुळे मी हरखून गेले. परंतु एका बॉबिनच्या बदल्यात दोन लूपर, दोन सुया, चार रिळे आणि दोऱ्यांचा ताण कमी-जास्त करणाऱ्या चार चकत्या पदरी आल्या आहेत, हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही. लूपर म्हणजे पोलादाचे दोन वाकडे हात. ते आपापले दोरे घेऊन कापडाच्या कडेवरून आणि कडेखालून एकमेकांना गाठत असतात. १८८१ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये जोसेफ मेरो यांनी विणलेल्या मालाच्या कडा बांधण्याचे यंत्र तयार केले, तिथून ही वंशावळ सुरू होते. त्या गृहस्थांविषयी मला आदर आहे. दोरे ओवण्याच्या पहिल्या दिवशी तो थोडा पातळ झाला होता, एवढेच.

दोरा ओवण्याचे मार्ग चुकू नयेत म्हणून मशीनवर रंगीत खुणा होत्या: वरच्या लूपरला निळी, खालच्याला लाल, उजव्या सुईला हिरवी आणि डावीला पिवळी. शिकताना कोणता टाका कोणत्या दोऱ्याचा हे कळावे, म्हणून त्याच रंगांची चार रिळे लावावीत असा सल्ला मला मिळाला होता आणि तो मी तंतोतंत पाळला. सुया हाताशी होत्या, म्हणून त्या आधी ओवल्या. मग झाकण उघडून, मान वाकडी करून, चिमट्याने लाल दोरा त्या अंधाऱ्या कपारीतून खालच्या लूपरच्या भोकापर्यंत नेला. एवढ्याने माझी मान धरली. पायटा दाबला, पाच-सहा टाके झोकात पडले आणि लाल दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. हा प्रकार चार वेळा झाल्यावर मी सोबतची पुस्तिका वाचायला घेतली. (ती आधी वाचायची असते हे मला मान्य आहे.) तिच्यात स्पष्ट म्हटले होते, की आधी वरचा लूपर, मग खालचा, आणि सुया सर्वांत शेवटी. हा क्रम मोडला तर खालच्या लूपरचा दोरा सुईच्या दोऱ्यात अडकतो आणि काही टाक्यांतच तुटतो. मधला एकच दोरा तुटला तरी आधी सुया रिकाम्या करायच्या, मगच त्याला हात लावायचा.

क्रम सुधारला तेव्हा कडेवर टाक्यांऐवजी सैल जाळे तयार होऊ लागले. मी ताणाच्या चारही चकत्या आलटून पालटून पिळल्या. कारण भलतेच निघाले. ओवताना कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलायची असते, तरच आतल्या पट्ट्या उघडून दोरा त्यांच्यात नीट बसतो. मी ती खाली ठेवून सगळे दोरे ओवल्यामुळे ते ताणाला शिवलेच नव्हते. सहाव्यांदा ओवणे झाले. आई शेजारी बसून हे सगळे शांतपणे पाहत होती. "माझ्या मशीनला एकच सुई आहे," एवढेच ती म्हणाली.

खरा प्रसंग त्यानंतरचा आहे. या मशीनमध्ये सुईच्या किंचित पुढे एक पाते असते आणि ते कापडाची जादा कड छाटत जाते, म्हणजे इथे आधी कापणे आणि मग शिवणे, तेही मिनिटाला १३०० टाक्यांपर्यंतच्या वेगाने. टाचण्या पात्याखाली जाऊ देऊ नयेत हे मला ठाऊक होते, म्हणून एकेक टाचणी मी वेळेवर काढली आणि स्वतःवर खूश होऊन भावाच्या टी-शर्टची बाही जोडत गेले. कापड अपेक्षेपेक्षा जाड लागते आहे अशी शंका आली, पण थांबावे असे वाटेपर्यंत शिवण संपली होती. उलटून पाहिले, तर टी-शर्टच्या छातीची एक घडी खाली सरकून बाहीसोबत पात्यातून गेली होती. छातीला चांगले बोटभर भोक पडले होते आणि त्याच्या कडा बाहीच्या शिवणीत इतक्या सुबक बांधल्या गेल्या होत्या, की तसे काम मी ठरवून कधीच करू शकले नसते. सवयीने हात उसवण्याच्या हत्याराकडे गेला. उसवणे तसे सोपे निघाले: सुयांचे दोरे कापून ओढले, की लूपरचे दोरे आपोआप सुटून येतात. दोरे सुटले, भोक तिथेच राहिले.

"खिसा लाव," आई म्हणाली.

खिसा लावला. त्यानंतर गळ्याची कड ओव्हरलॉक केली, तर ती केळीच्या पानासारखी लाटालाटांची झाली. इथे मात्र मशीनने मला माणुसकीने वागवले. कापड पुढे ओढणाऱ्या दात्यांचे त्यात दोन संच असतात आणि त्यांच्या वेगाचे प्रमाण ०.७ पासून २ पर्यंत बदलता येते. ते एकाच्या वर नेले, की पुढचे दाते मागच्यांपेक्षा जास्त कापड आत देतात आणि ताणणारे कापड लांबत नाही. दीडवर ठेवताच कड सपाट झाली. इतक्या दिवसांत मी न कापता सुधारलेली ही एकमेव गोष्ट.

आता मला ओव्हरलॉक करता येते. फक्त पुन्हा चार दोरे ओवण्याचा धीर होत नसल्यामुळे रिळे अजून तीच आहेत. घरातल्या प्रत्येक कपड्याच्या, अगदी भावाच्या कार्यालयात घालायच्या काळ्या पँटच्यासुद्धा, आतल्या कडा निळ्या, लाल, हिरव्या आणि पिवळ्या आहेत आणि कपडे मी अजूनही सुलटच वाळत घालते. रीळ बदलताना जुना दोरा कापून त्याच्या टोकाला नवा बांधावा आणि हळूच ओढून घ्यावा अशी युक्ती आहे, पण तिच्यासाठी जुने टोक हातात असावे लागते. लूपरचे दोरे सुयांपेक्षा पुष्कळ जास्त खर्च होतात. काल पाहिले, तर लाल रिळातून खालचे पांढरे प्लॅस्टिक दिसू लागले होते. नवे रीळ मी शेजारी आणून ठेवले आहे, आणि मशीनवर चादर घातली आहे.