खान्देशातल्या पोरांना पैसा कोण देणार?

एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या स्टार्टअप महाकुंभात वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी आपल्या स्टार्टअपवाल्यांना खडे बोल सुनावले. घरपोच जेवण आणि महागडं आइस्क्रीम यांतच रमणार का, चीनकडे बघा, असा त्यांचा सूर होता. त्यावर देशभर गदारोळ झाला. आमच्या जळगाव-धुळ्याच्या मंडळींत मात्र वाद पेटला तो वेगळाच. तरुण म्हणतात, सगळा पैसा पुणे-मुंबई-बंगळुरात जिरतो, खान्देशाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वडीलधारे म्हणतात, जिथे नफाच नाही तिथे पैसा ओतणारे एकतर वेडे किंवा लबाड. मी इंग्लंडात राहतो, नोकरी सांभाळून नव्या कंपन्यांत थोडेथोडे पैसे घालतो. मला हे दोन्ही पटत नाही.

सुरुवातीला पैसा घालणाऱ्याचं गणित आधी समजून घेऊ. समजा, त्याने २० कंपन्यांत प्रत्येकी ५ लाख, म्हणजे १ कोटी रुपये घातले. दहा वर्षं पैसे अडकणार, जोखीम मोठी, तेव्हा वर्षाला १५ टक्के तरी सुटावेत ही अपेक्षा रास्त आहे. म्हणजे १ कोटीचे ४ कोटी व्हायला हवेत. पण निम्म्या कंपन्या बुडतात, बऱ्याच जेमतेम मुद्दल परत करतात. उरलेले साडेतीन कोटी एखाद्याच कंपनीतून यावे लागतात. तिथे ५ लाखांचे ७० पट झाले पाहिजेत. पुढे कंपनी पुन्हा पैसा उभारते, त्या फेऱ्यांत नवे गुंतवणूकदार आले की याचा हिस्सा निम्म्यावर येतो, म्हणून कंपनीचं मूल्य १४० पट वाढायला हवं. आज ४ कोटींची असलेली कंपनी ५६० कोटींची व्हावी लागते. कोणती होईल ते आधी कळत नाही. त्यामुळे प्रत्येक कंपनीला तो एकच प्रश्न विचारतो: सगळं जमून आलं तर ही किती मोठी होईल? यंदा नफा किती, हे त्याच्या दृष्टीने नंतरचं.

आता रावेरच्या एखाद्या मुलाने केळीची पावडर करायचा कारखाना काढला. पाच वर्षांत १५ कोटींची उलाढाल, वर्षाला दीड-दोन कोटी नफा, गावातल्या ४० घरांना काम. उत्तम धंदा. मी त्याला नमस्कार करीन. पण वरच्या गणितात तो बसत नाही, आणि नकार मिळाला म्हणून त्याने खचून जाऊ नये. त्याला कर्ज हवं आहे, तेही सातबारा गहाण न ठेवता. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. हिस्सा विकण्याआधी या वाटा धुंडाळाव्यात. बाहेरचा गुंतवणूकदार आत आला की त्याला कधीतरी बाहेर पडायचं असतं, आणि बाहेर पडायचं म्हणजे कंपनी विकायची किंवा बाजारात आणायची. हे पोरांना कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

ज्याची कल्पना खरोखर १४० पटींची आहे, त्याच्याकडे गुंतवणूकदार काय बघतो? आराखडा बघतोच, पण माणूस जास्त बघतो, कारण आराखडा बदलणार हे त्याला ठाऊक असतं. याचं उदाहरण शोधायला कॅलिफोर्नियाला जायला नको. जळगावच्या जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये ७ हजार रुपयांवर धंदा सुरू केला. १९७८ मध्ये त्यांनी जळगावचा बंद पडलेला केळी पावडरचाच कारखाना लिलावात घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढलं. पुढे पाइप, मग ठिबक सिंचन. पहिल्या दिवसाच्या कागदावर यातलं काय असणार होतं? बघणाऱ्याला एवढंच ताडता येतं की हा माणूस पडला तर उठेल का, आणि मिळालेल्या पैशात दीड वर्षात कोणती एक गोष्ट सिद्ध करून दाखवील.

अमळनेरचं मला म्हणूनच फार अप्रूप आहे. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाची कंपनी काढली, तीच आजची विप्रो. तिचे शेअर गावातल्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी घेतले आणि काही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या विकले नाहीत. ती घरं श्रीमंत झाली, हे सगळे सांगतात. कितीतरी कंपन्यांचे कागद रद्दीत गेले, हे कुणी सांगत नाही. तरी मुद्दा उरतोच: ओळखीच्या माणसाच्या धंद्यात बुडाली तरी चालेल एवढीच रक्कम घालून वाट बघत बसायचं, हे आपल्या मातीला नवं नाही.

इथे इंग्लंडात सरकारने नेमकी हीच वृत्ती जोपासली आहे. २०१२ पासून एक योजना आहे. अगदी नव्या, छोट्या कंपनीत १० हजार पौंड घातले तर ५ हजार आयकरातून कमी होतात. कंपनी बुडाली तर उरलेल्या ५ हजारांचं नुकसान पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतं. ४० टक्के कर भरणाऱ्याचं खरं नुकसान ३ हजारच राहतं. शेअर तीन वर्षं ठेवून नफ्यात विकले तर त्या नफ्यावर कर नाही. शिवाय परवानाधारक संकेतस्थळांवरून सामान्य माणूस अगदी लहान रकमेचेही शेअर घेऊ शकतो. फसणारे इथेही फसतात, पण शिक्षिका आणि नळकामगार यात पैसा घालतात, हे मी पाहतो.

भारतात उलट झालं. २०१२ मध्येच एंजल टॅक्स आला: सरकारी हिशेबापेक्षा जास्त भावाने शेअर विकले तर वरचा पैसा कंपनीचं उत्पन्न समजून त्यावर कर. तो हटवायला जुलै २०२४ चा अर्थसंकल्प उजाडला. बुडालेल्या गुंतवणुकीचं नुकसान आजही फक्त भांडवली नफ्यातून वजा होतं. ज्या प्राध्यापकाला असा नफाच नाही, त्याला त्याचा उपयोग शून्य. लोकांकडून छोट्या रकमा गोळा करून हिस्सा देण्यावर सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०१४ मध्ये चर्चापत्र काढलं, नियम झाले नाहीत. खासगी कंपनीला तर जाहीर आवाहन करून शेअर विकताच येत नाहीत.

त्यामुळे मंत्र्यांनी पोरांना चीनचा आरसा दाखवण्याआधी दोन कामं करावीत. नोंदणीकृत स्टार्टअपमध्ये बुडालेली रक्कम, वर्षाला पाच लाखांपर्यंत का होईना, पगारातून वजा होऊ द्यावी. आणि सेबीने ते जुनं चर्चापत्र पुन्हा हाती घ्यावं. कायदा बदलेपर्यंत जळगावच्या सराफांनी, डाळमिलवाल्यांनी, डॉक्टरांनी आणि आमच्यासारख्या बाहेर गेलेल्यांनी दहा-पंधरा जणांचे गट करावेत, प्रत्येकी दोन-दोन लाख काढावेत, वकील आणि सीए बसवून कागद पक्के करावेत. परतावा परदेशी न्यायचा आग्रह नसेल तर अनिवासी भारतीयाची अशी गुंतवणूक देशी गुंतवणुकीसारखीच धरली जाते. भिशीत आपण दरमहा पैसे भरतोच, ते कुठे जातात हे माहीत असतं म्हणून. या गटातही तसंच व्हावं: पोरगा कोणाचा, कसा वागतो, उधारी फेडतो का, हे पुण्याच्या फंडाला कधीच कळणार नाही, आपल्याला कळतं.