नोकरी सोडणाऱ्याची जागा राखून ठेवा

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. भाच्याला हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून तासगावला बेदाण्याची प्रतवारी करणारं, छोट्या शेतकऱ्याला परवडेल असं यंत्र बनवायचंय. थोरले म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. बरोबरीची पोरं म्हणतात, हिंमत नसेल तर बस जन्मभर लॉगिन करत. स्वीडनच्या गोटेनबर्गमध्ये बसून हे वाचताना मला दोन्ही बाजूंचा राग येतो. सगळा भार त्या एकट्या पोरावर.

स्वीडनमध्ये १९९७ चा एक कायदा आहे. सलग सहा महिने नोकरी झालेल्याला स्वतःचा व्यवसाय करून बघण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा मागता येते. तीन महिने आधी कळवायचं, मालकाशीच स्पर्धा करायची नाही आणि कामाची फारच अडचण होणार असेल तर मालक नाही म्हणू शकतो. आमच्या टीममधल्या एका बाईंनी ही रजा घेऊन जुन्या लाकडी फर्निचरच्या दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. त्यांच्या जागी तेवढ्यापुरता बदली माणूस आला. गिऱ्हाइकं पुरेशी मिळाली नाहीत, तेव्हा त्या परत आल्या. तोच पगार, तीच टीम. ‘तरी सांगत होतो’ असं एकानंही म्हटलं नाही. वर्कशॉप आता शनिवारी चालतं.

इथं सगळं गोड आहे असं नाही. वर्क परमिटवर आलेल्या आमच्यासारख्यांची पहिली काही वर्षं नोकरीलाच बांधलेली असतात. ती सुटली की देशात राहण्याचाच प्रश्न.

पण भाच्याची अडचण हिंमतीची नाहीच. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड तो काढेल. कंपनीचा मेडिक्लेम मात्र नोकरीबरोबर संपतो, आणि त्यात ताई आणि दाजी आहेत. ताईला शुगर, दाजींची अँजिओप्लास्टी झालेली. या वयात, या आजारांसह नव्या पॉलिसीचा हप्ता किती येतो ते ग्रुपवर कुणीच बोलत नाही.

दाखला मात्र हटकून लक्ष्मणराव किर्लोस्करांचा येतो. बढती डावलली म्हणून मुंबईतली व्हीजेटीआयची नोकरी सोडली आणि कारखाना उभारला. खरंच आहे. पण नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली बेळगावला पाठवत आणि भाऊ रामूअण्णा त्या विकत, हेही खरं. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचं माळरान दिलं, कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे भाऊ होता, राजा होता. भाच्याच्या पाठीशी कोण आहे?

जागा राखून ठेवणं आपल्याला नवं नाही. सरकारी नोकराला दुसऱ्या खात्यात जाताना जुन्या पदावर धारणाधिकार, म्हणजे परत येण्याचा हक्क, ठेवता येतो. तोच हक्क मोठ्या खासगी कंपन्यांत, निदान सहा महिन्यांसाठी, कायद्यानं मिळाला पाहिजे. मराठी माणसानं धंद्यात उतरावं म्हणून भाषणं देणाऱ्या सगळ्यांनी आधी हे मागावं.

तोवर भाच्याला मी राजीनामा थांबवायला सांगितलंय. एचआरला लेखी विचार म्हटलं: सहा महिने बिनपगारी रजा मिळेल का, आणि हप्ता मी भरला तर मेडिक्लेम चालू राहील का? फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचा हंगाम. रजा तेव्हाची मिळाली तर यंत्र थेट शेडवर चालवून बघता येईल.