मग प्रामाणिक माणसानं काय घोडं मारलंय?

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. जन्मभर लोकांना लुबाडायचं आणि शेवटी येशूवर विश्वास ठेवला की सगळं माफ, मग प्रामाणिक माणसानं काय घोडं मारलंय, असं तुम्ही विचारलंय. तुमचा राग खरा आहे म्हणून घाईत दोन ओळी न खरडता रविवारी निवांत बसून लिहितोय.

हा आक्षेप येशूचा प्रेषित पौल याच्या कानावर तेव्हाच गेला असणार, कारण देवाची कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का, असं बायबलातल्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो आणि लगेच म्हणतो, कधीच नाही. इफिसकरांच्या पत्रातलं 2:8-9 आमच्यात पुष्कळांना पाठ असतं, तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, ते देवाचं दान, कर्मानं नाही. पण पुढचं दहावं वचन लोक सोडून देतात आणि घोळ तिथंच होतो, त्यात सत्कर्मांसाठीच आपल्याला घडवलंय असं लिहिलंय. सत्कर्म पाहिजेच, फक्त ती आधी भरायची फी नाही.

बायबलातला जक्कय बघा ना, जकातदारांचा मुख्य, लोकांना पिळून गबर झालेला. येशू आधी म्हणाला, आज तुझ्या घरी उतरणार. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलला, कुणी अट घातली नव्हती.

आता प्रामाणिक माणसाचं. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळच्या चिखलीत शिरलं तेव्हा माझी मावशी गच्चीवर अडकलेली. बोट आली, जवानानं दंडाला धरून तिला आत घेतलं, आणि पुढच्याच घरावरनं तिचा भावकीतला दीर चढला, ज्यानं बांध कोरून कोरून तिची दोन सरी जमीन खाल्लीय. मावशी कुणाच्या रुपयाला न शिवलेली बाई, पण बोट काय त्यासाठी आली नव्हती, आणि दिराला घेतलं म्हणून तिची जागाही गेली नाही. तुमच्या प्रामाणिकपणाला किंमत नाही असं मी म्हणतच नाही हो, पण त्यानं पाणी उतरत नाही एवढंच. आणि फुकट मिळालं म्हणजे स्वस्त होतं असंही नाही, आमच्या विश्वासात ती किंमत क्रूसावर ख्रिस्तानं भरलीय.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या छावणीत मावशी पहाटेच परात घेऊन भाकरी थापायला बसली, कुणी सांगितलं नव्हतं. दिराला पण तिनंच वाढलं.