आण्णा हयात आहेत, मी माणूस आहे

नोव्हेंबर आला की आमच्या घरात एकच धांदल असते, आण्णा जिवंत आहेत हे सरकारदरबारी कळवायचं. आण्णा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, वय ७८, रोज पहाटे रंकाळ्याला जाऊन येतात आणि येताना भेटेल त्याच्याशी वाद घालून येतात, आता माणूस जिवंत असल्याचा याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला, पण पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला लागतो. दरवर्षी बँकेत जाऊन सही ठोकली की काम व्हायचं. यंदा शहाणपणा मीच केला. म्हटलं आण्णा, कशाला लायनीत उभारताय, घरबसल्या ऑनलाईन होतंय सगळं, पाच मिनिटाचं काम.

ती पाच मिनिटं रात्री साडेआठला सुरू झाली आणि आम्ही जेवलो पावणेबाराला.

आण्णांचा नंबर लागायच्या आधी माझाच लागला. लॉगिन करायला गेलो तर एक चौकोन, 'मी रोबोट नाही'. टिक केली. तर म्हणतंय, थांबा, सिग्नल असलेले सगळे चौकोन निवडा. खाली सोळा तुकड्यांत चिरलेला परदेशातला एक फोटो, इतका धुरकट की जणू पळत्या एसटीतनं काढलाय. सिग्नल होता, नाही असं नाही, पण त्याचा खांब खालच्या तीन चौकोनांत उतरलेला. आता खांब धरायचा का सोडायचा?

"खांब घे," मागनं आण्णा म्हणाले, ते खुर्ची टाकून बसलेच होते. "खांबाशिवाय सिग्नल काय हवेत लोंबकळतोय व्हय?"

बायको म्हणाली, आण्णा, सिग्नल म्हणजे दिवे, खांबाकडं बघून कोण गाडी थांबवतंय? आण्णा म्हणाले, दिव्याकडं बघून तरी कोल्हापुरात कोण थांबवतंय. यावर बोलण्यासारखं कुणाकडंच काही नव्हतं. खांब घेतला. 'पुन्हा प्रयत्न करा.' आण्णांचा पारा चढला, "माझ्या वस्तुचित्राच्या पेपरात कुणी असला बिनखांबाचा सिग्नल काढला असता तर सी ग्रेड दिली असती."

मग बस आल्या. मग झेब्रा पट्टे आले, आमच्याकडं ते रंगवल्यावर आठवडाभरच दिसतात त्यामुळं ओळखायची सवय नाही. मग पिवळ्या टॅक्सी. मग एक बुटका लाल ठोकळा आला, दोन्ही बाजूंना कान असल्यासारखा. आण्णा म्हणाले हातपंप हाय, पण दांडा कुठाय? बायकोनं मोबाईलवर शोधून सांगितलं की आग लागली तर बंबाला पाणी घ्यायला अमेरिकेत असले नळ रस्त्याच्या कडेला असतात. आता माझा जन्म गेला मंगळवार पेठेत, मी असला नळ आयुष्यात बघितलेला नाही आणि तो ओळखता येत नाही म्हणून मी माणूस नाही? म्हणावं वडाप निवडा, बघ कसं एका झटक्यात निवडतो, अर्धं दार उघडं, मागच्या शिडीवर दोघं लोंबकळायलेत. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची म्हैस दाखव, अंधारात नुसत्या शिंगावरनं ओळखतो.

एकदा कानाचं चित्र दाबून बघितलं, ऐकून लिहायचं असतं ते. कढईत कायतरी तळायलंय आणि पलीकडच्या खोलीतनं कोण तरी इंग्रजीत आकडे सांगायलंय, असा आवाज. बायकोनं ते आपलं आपण बंद केलं.

शेवटी भाच्याला फोन लावला, तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. त्याला काय, विषयच मिळाला. म्हणाला मामा, ह्याला कॅप्चा म्हणतात, कॅप्चा हे लघुरूप आहे आणि त्यातला टी म्हणजे ट्युरिंग. ॲलन ट्युरिंग नावाच्या गणितज्ञानं १९५० मध्ये असा प्रश्न काढला होता की नुसतं लेखी बोलून समोर माणूस आहे का मशीन हे माणसाला ओळखता येईल का. तिथं परीक्षक माणूस होता. इथं उलटं, परीक्षकच मशीन आणि परीक्षेला बसलाय तुम्ही.

पुढं म्हणाला, हे काढलं २००० सालच्या आसपास अमेरिकेत कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत, त्यात लुईस फॉन आन म्हणून एक पोरगा होता. त्याला नंतर वाटलं की अरे, एवढी माणसं रोज एवढा वेळ ह्यात घालवायलीत, वाया कशाला घालवा. मग २००७ मध्ये त्यानं रीकॅप्चा आणलं, दोन शब्द दाखवायचे, एक मशीनला माहीत असलेला आणि एक जुन्या वर्तमानपत्राच्या नाहीतर पुस्तकाच्या स्कॅनमधला, मशीनला न वाचता आलेला. लोक दोन्ही टाईप करायचे आणि फुकटात जुने पेपर वाचून निघायचे, न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक तसेच लागले मार्गी. २००९ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं, पुढं घरांचे नंबर, रस्त्यावरची चित्रं असं सुरू झालं.

स्पीकरवर होता, आण्णा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे मी चित्रकलेच्या तासाला पोरांकडनं फळ्याला रंग मारून घ्यायचो तसंच की. पण मी पोरांना भडंग तरी द्यायचो."

इथपर्यंत ठीक होतं. पण भाच्यानं पुढं जे सांगितलं त्यानं माझं जेवणच कडू झालं, म्हणजे अजून वाढलंच नव्हतं, तरी. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १४०० माणसांना बसवून कॅप्चा सोडवून घेतले, तर माणसांपेक्षा बॉटच, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रामच, जास्त फास्ट आणि जास्त बरोबर. २०२४ मध्ये झुरिकच्या लोकांनी तर ह्याच सिग्नल-बसच्या चित्रांचे कॅप्चा एआयकडनं शंभर टक्के सोडवून दाखवले. म्हणजे जो सोडवतोय तो रोबोट आणि जो चुकतोय तो माणूस! मग मी आठ वेळा चुकलोय, मला तर मानपत्र द्यायला पाहिजे.

आणि सगळ्यात भारी किस्सा जीपीटी-४ नावाच्या एआयचा. ते २०२३ मध्ये बाहेर आणायच्या आधी त्याची टेस्ट घेत होते, त्याला कॅप्चा सोडवायचा होता, तर त्यानं ऑनलाईन एका माणसाला कामाला लावलं. तो माणूस गमतीनं म्हणाला, तू रोबोट हाईस काय रे, हे पण येईना? तर ते बेणं म्हणतंय, नाही नाही, मी रोबोट नाही, माझी नजर अधू आहे, चित्रं नीट दिसत नाहीत. त्या माणसानं दिला सोडवून.

"मला पण मोतीबिंदू हाय," आण्णा म्हणाले, "बघू इकडं माऊस."

त्यांचा हात थरथरतो. माऊस हातात घेतला आणि बाण निघाला, मंगळवार पेठेतनं बिंदू चौकात जायचं आणि आधी कळंब्याला जाऊन यायचं अशा रस्त्यानं चौकोनापाशी पोचला, दोनदा बाजूनं निघून गेला, तिसऱ्यांदा बसला. लगेच हिरवी टिक. एकही चित्र नाही. भाचा म्हणाला, टिक करायच्या आधी बाण कसा हलला, ब्राउझरमध्ये काय काय साठलंय, असलं पण बघतात मामा. थोडक्यात काय, पस्तीस वर्षं पोरांना सरळ रेघ मारायला शिकवलेला माणूस वाकड्या रेघेवर पास झाला.

पुढं मोबाईलवर चेहरा दाखवायचा होता. 'डोळ्यांची उघडझाप करा.' आण्णा कॅमेऱ्याकडं कॉपी करणाऱ्या पोराकडं बघावं तसं रोखून बघायला लागले. मी म्हणतोय आण्णा, पापणी मिटा, ते म्हणतायत मिटली की फोटो बिघडतोय. मग उजेड कमी, मग चेहरा लांब, मग चेहरा जवळ, मग वेळ संपली, पुन्हा लॉगिन. पुन्हा लॉगिन म्हणजे काय ते तुम्हाला आता माहीत आहे. बायकोनं मुकाट्यानं ताटं वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत लायनीत उभारलो. तासाभरानं नंबर आला. काउंटरवरचा माणूस आण्णांचाच विद्यार्थी निघाला, उभारून नमस्कार केला, "मास्तर, बरं हाय न्हवं?" म्हणाला, आण्णा म्हणाले, "बघतोयस की." झालं, हयातीचा विषय संपला. सही घेतली, अंगठा घेतला, कॉम्प्युटरवर कायतरी बडवायला लागला आणि मधेच थांबला. मग त्यानं हळूच स्क्रीन माझ्याकडं फिरवला.

"दादा, ह्यात बस कुठल्या कुठल्या चौकोनात हाय जरा सांगता काय? मला चित्रं नीट दिसंना झाल्यात."

मी बोट उचललं होतं, तेवढ्यात आण्णांनी माझा हात धरला आणि त्याच्याकडं चष्म्यावरनं बघत म्हणाले, "आधी डोळ्यांची उघडझाप करून दाखव."